वॉटसन्स हॉटेलची एस्प्लनेड मॅन्शन झाली तेव्हा: एका इमारतीचं प्रकरण

मुंबईत काळा घोडा भागात, डेव्हिड ससून ग्रंथालयापासून चार पावलांवर, एक रिकामी पाच मजली इमारत उभी आहे. सरकारी कागदांवर तिचं नाव एस्प्लनेड मॅन्शन. दीडशे वर्षांपूर्वी ते शहरातलं सगळ्यात झोकदार हॉटेल होतं, वॉटसन्स. त्याच्या उत्कर्षाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे उत्कर्ष थोडक्यात घेतो आणि घसरणीवर जास्त वेळ घालवतो, कारण मुंबईतल्या हजारो जुन्या इमारतींना लागलेलं दुखणं इथे फार स्पष्ट दिसतं. मालक आणि भाडेकरूंची नावं मुद्दामच टाळली आहेत. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी फारसं वेगळं घडलं नसतं, असं माझं मत आहे.

## पार्श्वभूमी

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली. तट गेला, खंदक बुजले, आणि एस्प्लनेडवरची, म्हणजे किल्ल्यासमोरच्या मैदानातली, मोकळी जमीन प्लॉट पाडून विकायला निघाली. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याने इथली जागा घेतली, ती मुळात आपल्या दुकानासाठी. बांधकाम झालं मात्र हॉटेलचं.

आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरने. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छपराच्या कामात त्याचा हात होता, थेम्सवरचा अल्बर्ट ब्रिजही त्याचाच. त्याने हॉटेलचा सांगाडा लोखंडाचा ठरवला. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब आणि लोखंडी तुळया इंग्लंडमध्ये तयार करून घेतल्या, सुटे भाग जहाजाने मुंबईला आणले आणि जागेवर जोडले. बांधकाम चालू असताना बघणाऱ्या एकाला तो जमिनीतून उगवलेला अवाढव्य पिंजरा वाटला होता.

हा पिंजरा समजून घेतला नाही तर पुढचं प्रकरण कळत नाही. त्या काळच्या मुंबईत इमारतीचा भार जाड दगडी भिंतींवर असायचा. वॉटसन्समध्ये भार खांबांवर होता. भिंती म्हणजे खांबांच्या मधल्या पोकळीत भरलेली वीट. आजच्या कुठल्याही टॉवरचं तत्त्व हेच, आणि शिकागोतल्या पहिल्या गगनचुंबी इमारतींच्या दहा-पंधरा वर्षं आधी ते मुंबईत उभं होतं. फ्रान्समधला नॉयझियेलचा प्रसिद्ध चॉकलेटचा कारखाना, लोखंडी सांगाड्याचं उदाहरण म्हणून ज्याचं नाव घेतात, तोही १८७२चा.

हॉटेल १८७१ मध्ये सुरू झालं. १३० खोल्या, मधोमध काचेच्या छपराखाली ३० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद चौक, बाहेरून मजल्या-मजल्याला बाल्कन्या. चौकात नाच व्हायचे, तळमजल्यावर रेस्तराँ आणि बार. प्रवेश युरोपियनांना. जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन इथे राहून गेला आणि बाल्कनीत येऊन बसणाऱ्या मुंबईच्या आगाऊ कावळ्यांवर त्याने पानंच्या पानं लिहिली.

त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंच्या माणसाने या हॉटेलात सहा छोटे चित्रपट दाखवले, तिकीट एक रुपया. भारतातला हा पहिला चित्रपटाचा खेळ. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये हलले. या खेळांनी झपाटलेल्यांमध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, हे मराठी छायाचित्रकार होते. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला, हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं आणि १९०१ मध्ये केंब्रिजला गणितात नाव काढून परतलेले रँग्लर परांजपे मुंबईत उतरले तेव्हा तोही प्रसंग टिपला. मराठी सिनेमाची वंशावळ मांडायची तर तिचं एक टोक या इमारतीत येऊन थांबतं.

## हॉटेल मागे पडतं

डिसेंबर १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडलं. जमशेटजी टाटांना वॉटसन्सच्या दारातून परत पाठवलं आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट मुंबईत लहान पोरालाही ठाऊक असते. तिला भक्कम पुरावा नाही, आणि ती खरी असली तरी प्रकरणात फरक पडत नाही. वॉटसन्स अपमानाच्या सुडापायी बुडालं नाही. ताजमध्ये वीज होती, लिफ्ट होत्या, समोर समुद्र होता. बोटीतून अपोलो बंदरावर उतरलेल्या साहेबाला पहिलं दिसायचं ते ताज.

उलट वॉटसन्सचा भोवताल बदलला होता. हॉटेल बांधलं तेव्हा पश्चिमेच्या बाल्कनीतून मैदान आणि बॅक बे दिसायची. १८७० च्या दशकात सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट यांची रांग उभी राहिली. समुद्रकाठचं हॉटेल कोर्टाच्या आवारातलं हॉटेल झालं. पाहुण्यांच्या दृष्टीने जागेची किंमत उतरली. वकिलांच्या दृष्टीने ती चढली, आणि पुढे इमारतीचं जे झालं त्याची दिशा तिथेच ठरली.

हॉटेलांना पडता काळ येतो, ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. ताजच्या शेजारचं ग्रीन्स हॉटेल पाडून तिथे ताजचा टॉवर उभा राहिला. कुलाब्याचं मॅजेस्टिक हॉटेल सरकारने घेतलं आणि आमदार निवास केलं. यातल्या प्रत्येक वेळी संपूर्ण इमारत एका हातातून दुसऱ्या हातात गेली. वॉटसन्स मात्र तुकड्या-तुकड्याने गेलं.

## समस्या, भाग पहिला: पार्टिशन

हॉटेलचा धंदा बसल्यावर इमारतीचे हात बदलले, नावं बदलली. एक काळ ती महेंद्र मॅन्शन होती, नंतर एस्प्लनेड मॅन्शन झाली. १९६० च्या दशकापर्यंत खोल्यांना पार्टिशनं घालून, स्वतंत्र दारं काढून त्या भाड्याने देणं सुरू झालं होतं. काही खोल्यांत कुटुंबं राहायची. बहुतेक जागा वकील, नोटरी, टायपिस्ट, लहान व्यापारी यांच्या. हायकोर्ट आणि सेशन्स कोर्ट हाकेच्या अंतरावर असल्यावर दुसरं काय होणार? शेवटी शेवटी दीडशेहून जास्त भाडेकरू होते.

जिन्याच्या तोंडाशी वकिलांच्या पाट्या एकावर एक, रंग उडालेल्या, काहींवरच्या पदव्या आता कोणी देत नाही अशा. वर गेलं की कॉरिडॉरभर लोंबणाऱ्या वायरी, मीटरचे फळे, पोटमाळ्यांवर फायलींचे गठ्ठे. आणि जिथे एके काळी काचेखाली नाच व्हायचे त्या चौकात पडझडीचा राडारोडा.

फायलींचे गठ्ठे मी उगीच सांगत नाही. कागद जड असतो. हॉटेलच्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि एक साहेब असं वजन धरलेलं असतं. त्याच खोलीत पोटमाळा टाकून तीस वर्षांच्या खटल्यांचे कागद भरले की लाकडी तक्तपोशी आणि तिच्याखालच्या तुळया वेगळंच ओझं उचलतात. त्यात जागोजागी नंतर काढलेल्या मोऱ्या आणि संडास. मूळ इमारतीत जिथे पाणी नव्हतं तिथे पाणी आलं, ते विटेत मुरलं आणि विटेतल्या लोखंडापर्यंत पोचलं.

बिडाचं लोखंड दाबाला पक्कं असतं, ताणाला कच्चं. पोलाद तुटण्याआधी वाकतं, तेवढ्यात माणूस बाजूला होऊ शकतो. बीड वाकत नाही. ते एके दिवशी तडकन तुटतं. खाऱ्या हवेच्या शहरात, पागोळ्या थेट बाल्कनीच्या ब्रॅकेटवर पडत असताना, हा स्वभाव लक्षात ठेवून दर काही वर्षांनी रंग, पाण्याची वाट आणि सांधे तपासायलाच हवे होते. अशा देखभालीसाठी पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे ती माझी जबाबदारी आहे असं म्हणणारा एक माणूस लागतो.

## समस्या, भाग दुसरा: भाडं

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. युद्धानंतरच्या निर्वासितांनी भरलेल्या शहरात तो कायदा गरजेचा होता, याबद्दल माझी शंका नाही. मुदत संपली की वाढवायची, असं करत तात्पुरता कायदा अर्धशतक चालला.

हिशोब करून पाहू. समजा दीडशे गाळे आहेत आणि प्रत्येकाचं भाडं महिन्याला ३०० रुपये. मालकाच्या हातात महिन्याला ४५ हजार, वर्षाला ५ लाख ४० हजार येतात. त्यातून कर आणि पाणी जाऊन उरलेल्या पैशात पाच मजली लोखंडी इमारतीला परांची बांधून नुसता रंग काढणंही कठीण. दुरुस्ती केली तरी भाडं वाढणार नाही. म्हणजे दुरुस्तीवरचा प्रत्येक रुपया मालकासाठी बुडीत खाती.

आता भाडेकरूच्या बाजूने. फोर्टमध्ये कोर्टासमोर ३०० रुपयांत ऑफिस. बाजारभाव त्याच्या शंभरपट असेल. तो का सोडेल? सोडायचीच वेळ आली तर पागडीत, म्हणजे ताबा दुसऱ्याला देताना, मोठी रक्कम मिळेल. पण सामायिक जिना, बाहेरची बाल्कनी, छप्पर यांवर तो खर्च का करेल? ते त्याच्या मालकीचं नाही. आपल्या खोलीत तो टाइल्स घालतो, एसी लावतो. एसीचं पाणी बाल्कनीत पडतं.

१९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९४० ची भाडी तशीच ठेवणं आता अवाजवी झालं आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. तीनशेवर चार टक्के म्हणजे बारा रुपये. बँका, परदेशी वकिलाती आणि एक कोटीहून जास्त भांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण काढलं, त्यामुळे फोर्टमधल्या ज्या इमारतींत बँका होत्या त्यांच्या मालकांकडे पैसा आला आणि काही इमारती खरोखर सुधारल्या. एस्प्लनेड मॅन्शनमध्ये होते वकील आणि छोटे धंदेवाले. त्यांचं संरक्षण कायम राहिलं.

## समस्या, भाग तिसरा: सेस आणि हेरिटेज

पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये राज्य सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं. जुन्या इमारतींकडून उपकर, म्हणजे सेस, घ्यायचा आणि त्या पैशातून मंडळाने दुरुस्ती करायची. अशा १९ हजारांहून जास्त इमारती होत्या. मंडळ पुढे म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, गेलं. म्हाडाला चौरस मीटरमागे ठरलेल्या मर्यादेतच खर्च करता येतो. ती मर्यादा चाळीच्या दुरुस्तीच्या हिशोबाने आखलेली आहे. टेकू लावणं, गिलावा करणं, एखादी तुळई बदलून लोखंडी चॅनल टाकणं एवढं तिच्यात बसतं. बिडाचा ब्रॅकेट साचा करून पुन्हा ओतून घ्यायचा, तर त्या दरात तो बसत नाही.

१९९५ मध्ये मुंबईची हेरिटेज नियमावली आली. ही इमारत श्रेणी दोन-अ मध्ये नोंदली गेली. नोंदीचा अर्थ एवढाच की परवानगीशिवाय हात लावायचा नाही. नुकसानभरपाई म्हणून हेरिटेज टीडीआरची सोय होती: पाडून उंच बांधता येत नाही म्हणून जो एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधायची मुभा आहे तो आकडा) वाया जातो, तो दुसरीकडे विकायचा. पण बेटावरच्या शहरात मूळ एफएसआय १.३३. संपूर्ण प्लॉट व्यापून पाच मजले उभ्या असलेल्या इमारतीने तो आधीच कितीतरी पटीने वापरलेला. विकायला शिल्लक काय राहणार? ज्या इमारतीला पैशाची सगळ्यात जास्त गरज, तिच्यासाठी ही योजना कोरडी निघाली. हेरिटेजच्या चर्चांमध्ये हा मुद्दा फार कमी वेळा येतो, म्हणून थोडा रेंगाळलो.

थोडक्यात, मालकाकडे मालकी होती आणि उत्पन्न नव्हतं. भाडेकरूंकडे ताबा होता, हक्क अर्धवट होता. म्हाडाकडे जबाबदारी होती, दर तोकडा होता. हेरिटेज समितीकडे नकाराधिकार होता आणि तिजोरी नव्हती.

## निर्णयाची पहिली घडी: २००५

जून २००५ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत वॉटसन्सचं नाव घातलं. रेंझो पियानोसारख्या जगद्विख्यात वास्तुविशारदाने त्यासाठी शब्द टाकला होता. त्यानंतर काही दिवसांतच पश्चिमेच्या बाजूचा भाग बाल्कनीसह कोसळला. एका माणसाचा जीव गेला, काही जखमी झाले.

या घडीला सगळी अनुकूलता होती. जगाचं लक्ष होतं, वर्तमानपत्रांत रोज बातमी होती, भाडेकरू घाबरलेले होते. इमारत आजच्यापेक्षा बऱ्या अवस्थेत होती. माझ्या मते या प्रकरणातली ही सगळ्यात मोठी हुकलेली संधी. त्या वेळी समोर असलेले पर्याय असे होते.

मालकाने स्वतः दुरुस्ती करणं. वरचा हिशोब पाहता हा पर्याय कागदावरच होता.

पाडून नवी इमारत. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला जादा एफएसआय मिळतो, आणि गिरगाव-दादरमध्ये त्यातून टॉवर उभे राहिले. मालकाला हा पर्याय गोड वाटला असेल तर नवल नाही. हेरिटेज नोंदीमुळे तो बंद होता. पण बंद दारामागे काय आहे हे माहीत असलं की माणूस दार उघडण्याची वाट पाहतो. इमारत आपोआप पडली तर नोंदीला काय अर्थ उरतो, हा विचार मुंबईतल्या कितीतरी हेरिटेज मालकांच्या डोक्यात असतो. कोणी बोलून दाखवत नाही.

भाडेकरूंनी विकत घेणं. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आठ-अ प्रकरण घातलं गेलं. सत्तर टक्के रहिवासी एकत्र येऊन सोसायटी करू शकले, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन सरकार इमारत संपादित करून त्यांना देऊ शकतं. आपल्या ३०० रुपयांच्या उदाहरणात प्रत्येकी ३० हजार. फोर्टमधल्या जागेसाठी ही जवळजवळ फुकटची किंमत. म्हणूनच मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिलं आणि तो खटला दशकानुदशकं सर्वोच्च न्यायालयात पडून राहिला. नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातल्या घटनात्मक प्रश्नावर निकाल दिला आणि प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही असं सांगितलं. २००५ मध्ये या तरतुदीवर कोणी इमारतीचं भवितव्य टांगलं असतं, तर ते इतकी वर्षं टांगलेलंच राहिलं असतं.

सरकारने घेणं. कोलकात्याचं ग्रेट ईस्टर्न हॉटेल इथे आठवतं. १८४० च्या सुमाराचं, तेही मोडकळीला आलेलं, सत्तरच्या दशकात राज्य सरकारने घेतलेलं. २००५ मध्येच सरकारने ते खासगी कंपनीला विकलं आणि २०१३ मध्ये ते पुन्हा हॉटेल म्हणून उघडलं. विक्रीपासून उघडेपर्यंत आठ वर्षं गेली, बरंच मूळ बांधकाम बदललं, पण दिवे लागले. फरक असा की तिथे वाटाघाटीच्या टेबलावर सरकार, कामगार आणि एक खरेदीदार होते. इथे एक मालक, दीडशे भाडेकरू आणि त्यातले निम्मे वकील. विनोद नाही हा. ज्यांचा रोजचा धंदाच तारीख मिळवणं आहे, त्यांना घाईने बाहेर काढता येत नाही.

## काय केलं गेलं

तातडीचं तेवढं केलं. धोकादायक भाग काढले, पत्रव्यवहार झाला, अधूनमधून जीर्णोद्धाराचे आराखडे चर्चेत आले. मालक आणि भाडेकरू यांच्यात खर्चाच्या वाटणीवर एकमत झालं नाही. म्हाडाच्या यादीत ती इमारत पावसाळ्यापूर्वी ‘धोकादायक’ म्हणून येत राहिली.

३० जून २०१८ रोजी ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. त्याच पावसाळ्यात एस्प्लनेड मॅन्शनच्या बाल्कनीचा भाग खाली उभ्या असलेल्या टॅक्सीवर पडला.

मग वेग आला. म्हाडाने जागा रिकाम्या करण्याच्या नोटिसा काढल्या, भाडेकरू कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इमारत रिकामी झाली. राहणाऱ्या कुटुंबांना संक्रमण शिबिराचा तरी पर्याय असतो. उपनगरातल्या शिबिरात हायकोर्टाची वकिली थाटता येत नाही, त्यामुळे वकिलांनी आपापली सोय पाहिली. हातगाड्यांवरून, टेम्पोतून फायलींचे गठ्ठे निघाले.

## निर्णयाची दुसरी घडी: पाडा की दुरुस्त करा

२०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांच्या अहवालाने इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे, पाडावी, असं म्हटलं. संवर्धन वास्तुविशारद आणि वारसा जपणाऱ्यांनी जोरदार हरकत घेतली आणि दुसऱ्या मताची मागणी केली. त्यांचं म्हणणं होतं की सांगाडा वाचू शकतो, सडलेले भाग बदलता येतात, कारण ही इमारत मुळात सुट्या भागांतूनच जोडलेली आहे.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या असं मला वाटतं. आज या इमारतीत माणसं ठेवावीत का? नाही, याबद्दल वाद नसावा. ती पुन्हा वापरण्याजोगी करता येईल का, किती खर्चात? हा पूर्णपणे निराळा प्रश्न आहे आणि त्यासाठी बिडाच्या जुन्या बांधकामाची जाण असलेला इंजिनिअर लागतो. आपल्याकडच्या रोजच्या स्ट्रक्चरल ऑडिटची घडण आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतींसाठी झालेली आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या ओतीव खांबात किती ताकद उरली आहे, सांध्यातले बोल्ट किती खाल्ले गेले आहेत, हे भाग सुटा करून तपासल्याशिवाय कळत नाही. तशी तपासणी महाग आणि वेळखाऊ. पण पाडल्यावर ती करता येत नाही.

## निष्पत्ती

इमारत पाडली गेली नाही. हा निकाल लहान नाही, कारण २०१९ च्या उन्हाळ्यात तिचे दिवस भरल्यासारखंच वातावरण होतं. ती रिकामी आहे, आणि पुन्हा दिवे लागतील तेव्हा तिथे कोण असेल हे ठरलेलं नाही.

रिकामी इमारत वाचवणं सोपं जातं असा समज आहे. भार कमी होतो हे खरं. पण गळतं छप्पर पाहणाराही कोणी उरत नाही. वर्षानुवर्षं भाडेकरू स्वतःच्या डोक्यावरचं पाणी थांबवण्यासाठी का होईना, डांबर ओतत, ताडपत्री टाकत. ते गेल्यावर पावसाला अडवणारं कोणी नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

१९९५ ची हेरिटेज नोंद करताना तिच्यासोबत पैशाची वाट काढायला हवी होती. एफएसआय आधीच संपवलेल्या इमारतींना टीडीआर मिळणार नाही, हे नियमावली लिहिणाऱ्यांना आकडेमोडीने तेव्हाच दिसलं असतं. अशा इमारती फोर्टमध्ये रांगेने आहेत. त्यांच्यासाठी उपकरातून वेगळा निधी, किंवा म्हाडाच्या दराला हेरिटेजसाठी अपवाद, एवढंही पुरलं असतं.

२००० च्या भाडे कायद्यात निवासी आणि व्यावसायिक भाडेकरू यांत अधिक स्पष्ट फरक करता आला असता. खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला संरक्षण देणं आणि हायकोर्टासमोरच्या ऑफिसला १९४० च्या भाड्याचं संरक्षण देणं, यांचं समर्थन एकाच कारणाने होऊ शकत नाही. एक कोटी भांडवलाची रेषा आखून सरकारने अर्ध्या वाटेवर थांबणं पसंत केलं. मतांचा हिशोब असेल.

२००५ नंतर, भीती ताजी असताना, त्रिपक्षीय करार व्हायला हवा होता: भाडेकरूंनी टप्प्याटप्प्याने वाढतं भाडं मान्य करायचं, वाढ मालकाच्या खिशात न जाता दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जायची, आणि तेवढ्याच रकमेची भर सरकारने घालायची. वकिलांनी भरलेल्या इमारतीला असा करार लिहून घ्यायला बाहेरचा माणूस शोधावा लागला नसता. तसं झालं नाही, कारण प्रत्येकाला आधी दुसऱ्याने एक पाऊल टाकायला हवं होतं.

आणि एक अगदी साधं काम, जे आजही होऊ शकतं. प्रत्येक खांब, तुळई, ब्रॅकेट आणि कठड्याचं मोजमाप घेऊन नकाशे तयार करून ठेवणं. ऑर्डिशने सुटे भाग क्रमाने जोडून ही इमारत उभी केली. त्यातला कुठला भाग कुठे बसतो याची नोंद असेल, तर उद्या जे पडेल ते पुन्हा ओतून घेता येईल. परत येण्याचा भाडेकरूंचा हक्क, नवं भाडं किती, खर्च कोणाच्या माथी, हे प्रश्न कोर्टात वर्षानुवर्षं चालू शकतात. मोजमाप घ्यायला त्यांच्या निकालाची गरज नाही.